‘चेक इंजिन’चा दिवा आणि पी०४२० कोड: नेमका अर्थ काय?
डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गॅरेजमधल्या स्कॅनरवर पी०४२० कोड दिसला, तर लगेच खिशात हात घालू नका. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांसाठी सारखाच कोड. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर पुरेसा साफ करत नाही, असं गाडीच्या संगणकाला वाटतंय, एवढाच त्याचा अर्थ. एक्झॉस्ट पाइपला गळती असली किंवा मागचा ऑक्सिजन सेन्सर चुकत असला, तरी हाच कोड येऊ शकतो. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात, म्हणून तो महाग. बदलण्याआधी गळती आणि सेन्सर तपासून घ्या. नुसता कोड पुसला, तर बिघाडाच्या क्षणी नोंदलेली माहितीही जाते. दिवा उघडझाप करत असेल, तर मात्र बहुधा इंजिन मिसफायर होतंय. गाडी दामटू नका.