वाचवणे, टाळणे, चुकवणे

एकच शब्द दोन घरांत दोन अर्थांनी नांदतो, याचे माझ्या आवडीचे उदाहरण म्हणजे ‘जकात’. आमच्या घरी जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनातून गोरगरिबांसाठी काढायचा अडीच टक्के वाटा. रमजानच्या महिन्यात बहुतेक घरांत त्याचा हिशेब मांडला जातो. मराठीत मात्र जकात म्हटले की डोळ्यांपुढे येतो रस्त्यावरचा आडवा बांबू, नाक्यावरचा कारकून आणि खोळंबलेले ट्रक. नगरपालिकांची जकात महाराष्ट्रात १९९९ मध्ये उठली; मुंबईची २०१७ मध्ये, वस्तू व सेवा कर आला तेव्हा. नाके गेले, पण नाक्यावरचा प्रश्न राहिलाच. जे द्यायचे आहे ते कमी करण्याचा रास्त मार्ग कोणता, आणि तो मार्ग सोडून आडवाट कुठून सुरू होते?

हा प्रश्न फार जुना आहे. धर्माच्या जकातीतही लोकांनी आडवाट शोधली होती. जकात लागू होण्यासाठी धन एक चांद्रवर्ष आपल्या मालकीचे असावे लागते. मग काही हुशार माणसे वर्ष भरायच्या आत ते बायकोच्या नावे बक्षीस करीत आणि पुढल्या वर्षी तिच्याकडून परत बक्षीस घेत. दोघांचेही वर्ष भरत नाही, दोघांनाही जकात नाही. पैसा घरातल्या घरात, पेटीतल्या पेटीत. अशा युक्तीला अरबीत ‘हीला’ म्हणतात. नवव्या शतकातल्या इमाम बुखारींनी आपल्या हदीससंग्रहात या युक्त्यांवर ‘किताबुल हियल’ हे स्वतंत्र प्रकरणच घातले, आणि त्याच्या आरंभी ठेवली ती माणसाच्या हेतूविषयीची हदीस. कायद्याचे अक्षर पाळले म्हणजे झाले, की हेतूही पाहायचा? यावर धर्मशास्त्री तेव्हाही भांडले. कायदेपंडित आजही भांडतात.

आता आपल्या बीडकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आष्टी-पाटोद्याची शीव ओलांडली की नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजी मुलूख. तिकडचे लोक आपल्या भागाला मोगलाई म्हणत. या शिवेवर करोडगिरीचे नाके होते. अकबराच्या काळात एक कोट दामांचा महसूल जमवणारा अधिकारी ‘करोडी’ म्हणवला जाई. करोडगिरी हा त्याच कुळातला शब्द. बाहेरून संस्थानात येणाऱ्या मालावर इथे शेकडा पाच या दराने कर भरावा लागे. नगरच्या बाजारातून कापड आणायचे, तर एकाच मराठी मुलखात आपण परके असल्यासारखा कर भरायचा. तो चुकवण्यात कुणाला पाप वाटत नसे. पुढे १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कॅम्पांतून स्वातंत्र्यसैनिकांनी करोडगिरीचे नाके जाळले, ते तर देशकार्यच होते. ज्या राज्यकारभारात रयतेला मत नाही, तिथे रयतेच्या करालाही नैतिक आधार नव्हता.

मला वाटते, त्या काळाची एक सवय आपल्या हाडीमाशी राहिली. कर चुकवणारा तो शहाणा, भरणारा तो भोळा, ही समजूत त्या नाक्यावरची आहे. निजाम गेला, नाके गेले, समजूत मात्र राहिली.

आयकर आपल्या भागाला तसा नवाच. इंग्रजी मुलखात तो १८६० मध्ये आला; १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो बसवला. हैदराबाद संस्थानाने आपला आयकर कायदा केला तो फसली १३५७ मध्ये, म्हणजे अगदी अखेरीस. भारताचा आयकर कायदा मराठवाड्याला लागू झाला १ एप्रिल १९५० पासून. म्हणजे जो आयकर आपण भरतो, तो प्रजासत्ताकाबरोबरच आपल्याकडे आला. तो बसवणारे आपणच निवडून दिलेले असतात. इथे करोडगिरीचा न्याय चालत नाही.

तरीही कर कमी भरण्याची इच्छा असणे हा गुन्हा नव्हे. यासाठी मराठीत तीन क्रियापदे आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत: वाचवणे, टाळणे आणि चुकवणे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा फरक पाण्यावरून लगेच कळेल. माजलगाव धरणाच्या कॅनॉलमध्ये रात्री पाइप टाकून पाणी ओढणे ही चोरी. हे चुकवणे झाले. आपल्या रानात शेततळे खोदून पावसाचे पाणी धरणे ही बचत. ती व्हावी म्हणून सरकार अनुदानही देते. आणि कॅनॉलच्या अगदी कडेला विहीर खोदून झिरपा ओढत राहणे? कागदावर विहीर स्वतःची, पाणी मात्र कॅनॉलचे. हे टाळणे. खरे वाद होतात ते या विहिरीवरून.

असाच वाद १९३५ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांनी आपल्या माळ्याला आणि इतर नोकरांना द्यायचा पैसा पगार म्हणून न देता करारनाम्याने द्यायचे ठरवले, कारण तशा रकमेवर त्यांना करसवलत मिळे. माळी तोच, बाग तीच, फक्त कागद बदलला. निकाल ड्यूकच्या बाजूने लागला. कायद्याच्या चौकटीत आपला कर कमी होईल अशी व्यवस्था लावण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असे ते तत्त्व.

पन्नास वर्षांनी, १९८५ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे मॅकडॉवेल कंपनीचा खटला आला. कंपनी हैदराबादेत मद्य तयार करी. अबकारी शुल्क खरेदीदार परस्पर तिजोरीत भरत. म्हणून ती रक्कम आमच्या विक्रीत धरू नका, तिच्यावर विक्रीकर लावू नका, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. करनियोजन कायद्यात बसत असेल तर ठीक. पण दिखाऊ युक्त्यांना नियोजन म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तर ड्यूकच्या तत्त्वाला निरोप द्यायची वेळ झाली, असा सूर लावला. पुढे २००३ च्या एका निकालात न्यायालयाने तो सूर बराच सौम्य केला. मग संसदेने १ एप्रिल २०१७ पासून करटाळणीविरुद्ध सर्वसाधारण नियम लागू केले. ते मोठ्या माशांसाठी आहेत. एका वर्षात करलाभ तीन कोटी रुपयांच्या वर गेला तरच ते लागतात.

मग तुमच्या-माझ्यासारख्यांनी फरक ओळखायचा कसा? माझी कसोटी साधी आहे. बचतीत आपण खरोखर काहीतरी सोडतो. १९६८ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचेच पाहा. पोस्टात पैसे ठेवायचे आणि पंधरा वर्षांसाठी ते अडकवायचे. तो पैसा सरकारच्या कामी येतो, आपल्या म्हातारपणाची सोय होते, आणि त्या बदल्यात कायद्याने करात सूट देऊ केली. सरकारने हे दार स्वतः उघडून ठेवले. त्यातून ताठ मानेने जावे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होऊ लागली. तिच्यात बहुतेक वजावटी नाहीत; ज्याला त्या हव्यात त्याने जुनी प्रणाली मागून घ्यायची. दार कुठले हे बदलत राहील, कसोटी बदलणार नाही.

टाळण्यात मात्र काहीच सुटत नाही, फक्त नाव बदलते. बायकोला पैसे बक्षीस द्यायचे आणि व्याज तिच्या नावे दाखवायचे, ही ती बाराशे वर्षांपूर्वीचीच युक्ती. आपला आयकर कायदाही ती ओळखून आहे. असे व्याज तो नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजतो. बायकोची स्वतःची कमाई असेल तर गोष्ट वेगळी. शेतीचेही तसेच. शेतीच्या उत्पन्नाला १८८६ पासून आयकरात सूट आहे. बालाघाटाच्या डोंगरात कुणी सीताफळाची बाग खरोखर राखली, तर ते उत्पन्न करमुक्त, आणि ते मिळवताना पाठीचा कणा वाकतो. पण खडकाळ एकरावर कागदी सीताफळे पिकवून शहरातला पैसा पांढरा करणे ही टाळणी नव्हे, सरळ चोरी आहे.

नोकरदारांचे पाऊलही इथेच घसरते. मार्च आला की कुणी एजंट खोट्या भाड्याच्या पावत्या, खोट्या देणग्या लावून परतावा मिळवून देतो म्हणतो, आणि आपण बघायच्या आत सही करतो. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशाच खोट्या वजावटींविरुद्ध देशभर तपासण्या केल्या. चुकीची माहिती दिली तर बुडवलेल्या कराच्या दुपटीइतका दंड होऊ शकतो, आणि विवरणपत्रावर नाव एजंटचे नसते, आपले असते.

शेवटी पगारपत्रकातल्या एका लहानशा ओळीकडे लक्ष वेधतो. व्यवसाय कर: महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. पुष्कळांना ही कपात डाचते. हा कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आधीच्या पिढीने खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली. शहरातल्या पगारदाराच्या खिशातले पैसे दुष्काळी गावच्या बाईच्या हातात मजुरी म्हणून पडू लागले. जकात या शब्दाचा पहिला अर्थ तरी याहून वेगळा कुठे आहे?