दिनविशेष : २६ जुलै – फुलराणीचा आयरिश बाप

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचा जन्म १८५६ साली आजच्याच दिवशी डब्लिनमध्ये झाला. पंधराव्या वर्षी शाळेला रामराम, मग कारकुनी आणि १८७६ मध्ये थेट लंडन. १९२५ चं साहित्याचं नोबेलही त्यांना मिळालं, पण मराठी माणसाच्या घरात ते शिरले फुलं विकणाऱ्या पोरीचं बोट धरून.

फुलं विकणाऱ्या एलायझाला शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं त्यांचं नाटक ‘पिग्मॅलियन’ १९१४ मध्ये लंडनच्या रंगमंचावर आलं. प्राध्यापक झालेले नटवर्य ट्री शेवटी नायिकेकडे फुलं फेकत, म्हणजे प्रेक्षक लग्न लावून मोकळे! शॉ भयंकर चिडले. पुढे त्यांनी उपसंहार लिहून एलायझाचं लग्न तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लावून दिलं.

१९७५ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी त्याचं ‘ती फुलराणी’ केलं. भक्ती बर्वे यांची मंजुळा आणि सतीश दुभाषी यांचे प्राध्यापक जहागीरदार. मंजुळेचं सूड उगवायला निघालेलं स्वगत आजही एकांकिका स्पर्धांपासून गॅदरिंगपर्यंत ऐकू येतं, बहुतेकदा भक्तीताईंच्याच लकबीत. आयरिश माणसाने इंग्रजांच्या उच्चारांची केलेली टिंगल आपल्याकडे चपखल बसली, यात नवल नाही. केळशीचा माणूस गिरगावात दोन वाक्यं बोलला की समोरचा विचारणारच, ‘दापोलीकडचे का हो?’

१९३३ च्या जानेवारीत जगप्रवासावर असताना शॉ मुंबईलाही येऊन गेले. तेव्हा पु.ल. तेरा वर्षांचे होते.