भातशेतीतील हरितगृह वायू : भारत व चीन

जगातील निम्म्याच्या आसपास भात पिकविणाऱ्या या दोन देशांच्या शेतांतून वातावरणात जाणाऱ्या वायूंचा, मुख्यतः मिथेन व नायट्रस ऑक्साइड यांचा, तौलनिक विचार. खाचरात पाणी तुंबले म्हणजे चिखलातील प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो, आणि मग प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्मजीव धसकटे, मुळे व शेणखत यांतील सेंद्रिय द्रव्यापासून मिथेन निर्माण करतात. तो बुडबुड्यांच्या रूपाने थोडाच सुटतो, बहुतांश भाग रोपातील ज्या पोकळ ऊतकातून मुळांना हवा पोचते त्याच वाटेने उलट वर येतो, म्हणजे रोपच त्याचे धुराडे होते. नायट्रस ऑक्साइडचा उगम नत्रखतावरील जंतुक्रियेत असून, शेत आळीपाळीने ओले-कोरडे झाल्यास तो वाढतो. शंभर वर्षांच्या मुदतीत मिथेनची तापनक्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७ पट, तर नायट्रस ऑक्साइडची २७३ पट धरतात.

दोन्ही सरकारांनी संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक कराराखाली २००४ मध्ये आपापले पहिले वृत्त दाखल केले, आणि सुदैवाने दोहोंचे हिशेबी वर्ष १९९४ हेच होते. भातशेतीतील मिथेन चीनने सुमारे ६१ लाख टन, तर भारताने सुमारे ४१ लाख टन दाखविला. एवढ्यावरच निवाडा करावयाचा तर चीन दीडपट दोषी ठरतो. क्षेत्राने भागल्यास, चीनचे भातक्षेत्र ३ कोटी हेक्टर व भारताचे ४ कोटींहून अधिक असल्यामुळे, हा दोष दुपटीवर जातो. परंतु त्या वर्षीच्या अनुक्रमे सुमारे १७.५ व १२ कोटी टन भाताने भागले, की दर टनामागे ३५ किलोग्रॅमच्या आसपास येऊन दोघेही जवळजवळ एका रांगेत बसतात. कोणता भाजक घ्यावा हे गणितापेक्षा अधिक करून पक्षकाराच्या सोयीनेच ठरत आले आहे.

दर हेक्टरी तफावतीचे कारण पाण्यात आहे. चीनचे भात जवळजवळ सर्व बागायती, आणि सिचुआनकडे तर काही खाचरे हिवाळाभर पाण्याखाली. भारतात मोठे क्षेत्र जिरायत असल्याने पावसाने ओढ दिली की शेत आपोआप सुकते व मिथेनची निर्मिती खंडित होते. चीनमध्ये हंगामाच्या मध्यास पाणी मुद्दाम काढून टाकण्याची पद्धत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सार्वत्रिक झाली. तिने मिथेन घटला, पण नत्राची मात्रा भरमसाट असल्याने नायट्रस ऑक्साइडला वाव मिळाला.

भारताचा आकडा मात्र एकदा भलताच फुगला होता. पाश्चात्त्य शेतांतील मापांवरून अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने भारतीय भाताच्या माथी वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन मारला; तेव्हा १९९१ मध्ये राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, अ. प्र. मित्र यांच्या नेतृत्वाखाली, ठिकठिकाणच्या खाचरांत रोपांवर बंद पेट्या ठेवून प्रत्यक्ष पाहणी झाली, आणि हिशेब सुमारे ४० लाख टनांवर, म्हणजे जवळजवळ नवव्या-दहाव्या हिश्शावर, उतरला.

शेतीच्या रकान्यात सर्व काही पडत नाही, हेही ध्यानी घेतले पाहिजे. पंजाब-हरियाणातील जळत्या पेंढ्याचा मिथेन व नायट्रस ऑक्साइड त्यात येतो, परंतु कार्बन डाय-ऑक्साइड, पुढील पीक तो परत घेते म्हणून, वगळतात. पंपाची वीज ऊर्जेच्या, तर युरियाच्या कारखान्यातील वायू उद्योगाच्या खाती जमा होतो. युरियाकरिता चीन मुख्यतः दगडी कोळसा व भारत नैसर्गिक वायू वापरतो, हा भेद भातशेतीच्या तुलनेत कोठेच उमटत नाही.