पाटण तालुका

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ तालुका. मुख्य ठिकाण पाटण हे कोयना व केरा या नद्यांच्या संगमावर, कराड–चिपळूण रस्त्यावर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे तीन लाख असून तीत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक आहेत. याचे कारण मुंबई. इथला तरणा माणूस तिकडे आणि शेत-गुरे बायकांकडे, ही विभागणी निदान तीन पिढ्यांची आहे.

महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. या वळणाच्या पश्चिमेला, नवजा परिसरात, वर्षाला ५,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला मल्हारपेठेकडे तो झपाट्याने कमी होतो. पिकेही त्याच क्रमाने बदलतात : वर भात, नाचणी, वरी, खाली ज्वारी, भुईमूग, सोयाबीन आणि नदीवरून पाणी उपसता येईल तेथे ऊस. दौलतनगर (मरळी) येथील साखर कारखान्याला माजी गृहमंत्री बाळासाहेब देसाई यांचे नाव आहे.

भातासाठी उन्हाळ्यातच तरवे भाजतात. रोपे टाकायच्या तुकड्यावर शेण पसरायचे, त्यावर झाडांची कवळे, वर वाळके गवत किंवा पालापाचोळा, आणि शेवटी मातीचा पातळ थर. पेटवायचे ते वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत पुढे सरकते. तणाचे बी जळते आणि राखेवर रोप जोमाने येते. पावसाची झड लागली की चिखलणी व लावण. हे काम इरजिकीने, म्हणजे एकमेकांच्या शेतात मिळून राबून, उरकण्याची पद्धत अजून मोडलेली नाही, कारण मजुरी देऊन ते परवडतच नाही.

तालुक्याचा आधुनिक इतिहास म्हणजे बहुतांशी कोयना धरणाचा इतिहास. १०३ मी. उंचीच्या या धरणात १९६० च्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागले; शिवसागर जलाशयाखाली शंभरच्या आसपास गावे गेली. विस्थापितांना सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा जिल्ह्यांत पांगवण्यात आले आणि त्यांच्या जमिनींचे तंटे साठ वर्षांनंतरही मिटलेले नाहीत. धरणाचे बरेचसे पाणी बोगद्यांतून घाटाखाली पोफळीकडे सोडून वीज केली जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिले आहे. बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी असे वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. वरच्या वाड्यांतील शेती मात्र पावसावरच आहे. ज्यांच्या रानातून नदी गेली त्यांच्या वाट्याला तिचे पाणी सर्वांत उशिरा आले, असेच म्हणावे लागते.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झाले व दीडशेहून अधिक माणसे मेली. जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचे उदाहरण म्हणून जगभरचे भूशास्त्रज्ञ या भागाचा अभ्यास करतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली.

मुंबईतले तालुक्याचे नाते गिरण्यांपेक्षाही गोद्यांशी आणि बाजारांशी घट्ट आहे. परळ-लालबागला गिरणीत, मशीद बंदरला पाठीवर ओझे, आणि राहायला गावकीची खोली : पाळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील हे ढेबेवाडी खोऱ्यातील मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर त्यांतले अनेकजण गावी परतले, पण तुकड्या-तुकड्यांची शेती त्यांना पुरी पडली नाही. पुढची पिढी नवी मुंबईच्या बाजार आवारात गेली.

समर्थ रामदासांनी स्थापिलेले चाफळचे राममंदिर, तलवारीच्या आकाराची विहीर असलेला दातेगड आणि वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्या ही प्रेक्षणीय स्थळे. पश्चिमेचे जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. त्याच्या कडेच्या गावांत रानडुकरे आणि गवे भात-नाचणी तुडवतात, म्हणून सुगीत रात्री माळ्यावर राखणीला बसावे लागते. जवळचे मोठे रेल्वे स्थानक कराड.