मिळकत, गहाण आणि जोखीम

पुणे महानगरपालिका घरावर जो कर घेते त्याला मिळकतकर म्हणतात. मुंबईत तोच मालमत्ता कर. पुणेरी बोलण्यात 'मिळकत' दोन अंगांनी येते. 'पेठेत त्यांची वडिलोपार्जित मिळकत आहे' म्हटलं की वाडा किंवा जागा समजायची आणि 'मुलाची मिळकत किती?' असं स्थळ पाहताना विचारलं की महिन्याची कमाई सांगायची. अरबीत मालकी दाखवणारा एक धातू आहे. मालक, मुलूख, मिल्कियत ही सगळी त्याच कुळातली मंडळी. मिल्कियत फारसीच्या वाटेने मराठीत आली आणि तिची मिळकत झाली. तो 'ळ' आपल्या 'मिळणे' या क्रियापदाच्या ओढीने आला असावा, असं माझं मत आहे. मालकीचा शब्द मिळण्याच्या शब्दात मिसळला आणि घर व कमाई एका नावाखाली नांदू लागली.

कर्ज काढून घर घेणाऱ्याच्या बाबतीत ही दोन्ही खरोखर एकमेकांना बांधलेली असतात. त्यातही जो कुणाच्या पगारपत्रकावर नाही, त्याच्या बाबतीत तर फारच. फर्निचरचं उक्तं काम घेणारा सुतार, कंत्राटावर चित्रपट जोडणारा संकलक, सहा-सहा महिन्यांच्या करारावर काम करणारी संगणक अभियंता. यांची कमाई चांगली असते, पण हात थांबला की ती त्याच दिवशी थांबते.

यांच्या कामाची नावंही पाहण्यासारखी आहेत. कंत्राट इंग्रजीतून आलं. त्याच्या लॅटिन मुळात दोन पक्षांना एकत्र ओढून बांधण्याची कल्पना आहे. मक्ता त्याहून जुना. त्याच्या अरबी मुळाशी कापणं आहे: एकरकमी ठरवून, तोडून दिलेलं काम. गंमत म्हणजे 'कर्ज' या अरबी शब्दाच्या मुळाशीही कापणंच आहे. धनको आपल्या धनाचा एक तुकडा कापून देतो, ते कर्ज. कुरतडणाऱ्या प्राण्यांसाठी अरबीत जो शब्द आहे तोही याच धातूचा. आणि आपण ज्याला अंगावर घेतलेलं काम म्हणतो त्यात तर काही दडवलेलंच नाही. नफा अंगावर, तोटा अंगावर, आजारपणही अंगावर.

आता गहाण. संस्कृत ग्रहण, प्राकृत गहण, मराठी गहाण असा सरळ प्रवास आहे. चंद्राला लागतं ते ग्रहण आणि सावकाराकडे पडतं ते गहाण, दोन्हींत धरून ठेवणं आहे. व्यवहारात या धरण्याच्या तऱ्हा पडल्या. कब्जेगहाणात जमीन सावकाराच्या ताब्यात जाते, तो ती कसतो आणि पीक व्याजापोटी वळतं करतो. नजरगहाणात वस्तू ऋणकोकडेच राहते, धनकोची नुसती नजर तिच्यावर असते. टेंपोच्या कर्जाच्या मराठी कागदांत हा शब्द आजही भेटतो, आणि हप्ते फेडणाऱ्याला ती नजर चांगलीच जाणवते.

इंग्रजी मॉर्टगेज जुन्या फ्रेंचमधून आला. मॉर्ट म्हणजे मेलेलं, गेज म्हणजे तारण: मृत तारण. बाराव्या शतकाच्या अखेरीस ग्लॅनव्हिलच्या नावावर असलेल्या इंग्लंडच्या कायदेग्रंथात याचा खुलासा आहे. धनकोकडे दिलेल्या जमिनीचं उत्पन्न कर्जातून वजा होत गेलं तर व्यवहार ठीक. उत्पन्न धनकोने खाल्लं आणि मुद्दल तसंच राहिलं तर ते मृत तारण, आणि धर्माच्या दृष्टीने व्याजखाऊपणा. पुढे ज्या प्रकारात जमीनच कर्ज फेडते त्याला जिवंत तारण असं नावही मिळालं. १६२८ साली इंग्लंडचा कायदेपंडित एडवर्ड कोक याच्या ग्रंथात वेगळा अर्थ आला. पैसे फेडले नाहीत तर जमीन ऋणकोला मेली, फेडले तर धनकोचा तिच्यावरचा हक्क मेला. प्रसिद्धी कोकच्या ग्रंथातल्या अर्थाला जास्त मिळाली. मला मात्र जुना अर्थ आजच्या फ्लॅटला अधिक लागू वाटतो. आपण ज्या दोन खोल्यांत राहतो त्या काही पिकवत नाहीत. कर्जातला एक रुपयाही त्या स्वतः फेडत नाहीत. फेडणारा जिवंत भाग एकच, कमावणारा माणूस.

मराठीने मात्र 'तारण' हा शब्द तारणे या क्रियापदावरून घेतला. पैलतीराला नेणारं ते तारण. पण नीट पाहिलं तर तारण बँकेला तारतं. हप्ता ९० दिवस थकला की कर्ज बुडीताच्या वाटेवरचं धरलं जातं आणि २००२ च्या कायद्याने बँकेला ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टाची पायरी न चढता घराचा ताबा घेण्याकडे जाता येतं. ऋणकोला तारणारी वस्तू वेगळी शोधावी लागते.

हप्ता हा शब्द फारसी. हफ्त म्हणजे सात आणि हफ्ता म्हणजे आठवडा. संस्कृत सप्त आणि फारसी हफ्त ही सख्खी भावंडं, त्यामुळे गावच्या देवळातला सप्ताह आणि बँकेचा हप्ता मुळात एकच आहेत. आठवड्याला द्यायची रक्कम ती हप्ता, पुढे महिन्याला दिली तरी नाव तेच राहिलं.

आणि विमा. फारसीत बीम म्हणजे भीती, धास्ती. बीमा शब्दाचा संबंध तिच्याशी जोडला जातो. मराठीने ब चा व केला. आयुर्विमा महामंडळाने मात्र आपल्या बोधचिन्हात भीतीचा शब्द न घेता गीतेतला योगक्षेम घेतला. नसलेलं मिळवणं तो योग, मिळालेलं राखणं तो क्षेम. मिळकत आणि तिचं रक्षण या दोन्ही गोष्टी त्या एका समासात आहेत.

व्युत्पत्तिकोश 'जोखीम' या शब्दाचं मूळ याच योगक्षेमात दाखवतात. सुरक्षिततेचा शब्द धोक्याचा कसा झाला? मधली पायरी जुन्या मराठी बोलण्यात सापडते. 'प्रवासात अंगावर जोखीम नको' असं घरातली वडीलधारी बाई म्हणते तेव्हा तिला दागिने म्हणायचे असतात. राखायची मौल्यवान वस्तू ती जोखीम, मग ती राखण्याची जबाबदारी ती जोखीम, आणि शेवटी ती जाण्याचा संभव तीच जोखीम. व्यापाऱ्यांची जोखमी हुंडी याच अर्थाची. जहाज माल घेऊन सुखरूप पोचलं तरच ती वटायची. बुडालं तर पैसे मागायचे नाहीत. कर्ज आणि विमा एकाच कागदावर होते.

आज हे दोन कागद वेगळे आहेत आणि त्यांच्यामधल्या जागेत उक्तं काम करणारा सापडतो. राज्य कामगार विम्यात बसणाऱ्या नोकरदाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्याला ती योजना लागू नाही. गृहकर्जासोबत जो विमा गळ्यात घातला जातो तो बहुधा मृत्यूनंतर उरलेलं कर्ज फेडतो. सुताराच्या मनगटाचं हाड मोडलं आणि चार महिने रंधा हातात धरता आला नाही, तर त्या विम्यातून काही येत नाही. वैयक्तिक अपघात विम्यात आठवड्याला ठरावीक भरपाईचं कलम असलं तर येतं, पण तेच चार महिने कावीळ आणि अशक्तपणात गेले तर तेही नाही. ब्रिटनमध्ये कमाई थांबली की महिन्याला रक्कम देणारा विमा स्वतंत्रपणे मिळतो. ठरवलेले काही आठवडे स्वतः काढायचे, मग पैसे सुरू होतात. आपल्याकडे अशा विम्याला रूढ मराठी नावसुद्धा नाही. मिळकतविमा म्हणावं तर ऐकणाऱ्याला घराचा विमा वाटेल. उत्पन्नविमा सरकारी वाटतो. मी 'कमाईविमा' म्हणेन. कमावणे हे संस्कृत कर्मापासून आलं आहे. जे हाताच्या कामातून येतं, त्याचाच हा विमा.

तुम्ही पगाराशिवाय कमावत असाल आणि घरावर कर्ज असेल, तर विम्याचा कागद आज काढा आणि त्यात मी जिवंत असताना काम थांबलं तर काय, याचं उत्तर शोधा. किती दिवसांनी पैसे सुरू होतात, किती दिवस मिळतात आणि आजारपण धरलं आहे की फक्त अपघात, हे विमा प्रतिनिधीकडून लेखी घ्या. ते उत्तर येईपर्यंत किमान सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा.