मुका कर्णा ओळखायचा कसा?

१८ नोव्हेंबर १९८७ च्या संध्याकाळी लंडनच्या किंग्ज क्रॉस या भुयारी रेल्वे स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याला आग लागली. ३१ माणसे दगावली. स्थानकात ध्वनिवर्धक होते. पण प्रवाशांना सावध करणारी घोषणा त्यांवरून झालीच नाही. १९८८ मध्ये आलेल्या फेनेल चौकशी अहवालात १५७ शिफारशी होत्या.

ध्वनिवर्धक जीव वाचवू शकतो, पण त्याची एक खोड आहे. दिवा गेला की अंधार दिसतो. कर्णा बिघडला तर नुसता गप्प राहतो, आणि चांगला कर्णाही बहुतेक वेळ गप्पच असतो! मग बिघाड कळणार कसा? पूर्वी एकेका कर्ण्याखाली उभे राहून ऐकावे लागे.

यावर तंत्रज्ञांनी युक्ती काढली. अॅम्प्लिफायरमधून तारेवर सुमारे २० हजार हर्ट्झचा सूर सोडायचा. तो माणसाला ऐकू येत नाही. पण तार तुटली की मोजमाप बदलते आणि नियंत्रण कक्षात इशारा उमटतो. आपत्कालीन घोषणायंत्रणेतला असा बिघाड १०० सेकंदांत दिसलाच पाहिजे, असे २००८ च्या युरोपीय मानकाने ठरवले. संगणकाच्या जाळ्याने जोडलेल्या यंत्रणेत तर प्रत्येक अॅम्प्लिफायर आपली खबर दूरवर कळवतो.

कर्णा जागा आहे, हे आता यंत्रच सांगते. मात्र किंग्ज क्रॉसला उणीव होती ती बोलणाऱ्याची. ध्वनिक्षेपकापुढे वेळेवर माणूस उभा राहील ना, हे आजही माणसांनीच पाहायचे आहे.