टेक्निकल रायटिंग : काम काय, शिकायचं कुठे आणि ओळखी कशा वाढवायच्या?

कुर्डुवाडीत रेल्वे वर्कशॉप आहे, त्यामुळे ‘मॅन्युअल’ हा शब्द आपल्याकडे अनेक घरांत माहीत आहे. यंत्र कसं उघडायचं, कुठला बोल्ट आधी काढायचा, काय केल्यास हाताला इजा होईल, हे सगळं त्या पुस्तकात असतं. ते पुस्तक कोणीतरी पगार घेऊन लिहिलेलं असतं. असं लिहिणाऱ्याला टेक्निकल रायटर म्हणतात. आज मोबाइल अ‍ॅप, बँकेचं सॉफ्टवेअर, दवाखान्यातलं मशीन अशा प्रत्येक गोष्टीसोबत अशी माहिती द्यावी लागते. पुण्यातल्या हिंजवडी, खराडी भागातल्या आयटी कंपन्यांत या पदावर माणसं काम करतात.

हा विषय मांडण्याचं कारण सांगते. आपल्या मुली बीएस्सी, बीसीए होतात, भाषाही चांगली असते आणि पुढे घरी बसतात. विचारलं तर उत्तर एकच, “मॅडम, आमची कुठं ओळख नाही.” ओळख नसते हे खरं आहे. पण या क्षेत्रात ती तयार करता येते.

काम नेमकं काय?

एक उदाहरण बघा. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरवर लिहिलेलं असतं : “झाकण उघडण्यापूर्वी विद्युतपुरवठा खंडित केल्याची खात्री करण्यात यावी.” हेच असं लिहिता येतं : “१. मेन स्विच बंद करा. २. टेस्टरने तपासा. ३. मगच झाकण उघडा.” दुसरं वाक्य कोणालाही कळतं. इंजिनिअरला प्रश्न विचारून समजून घेणं, स्वतः करून बघणं आणि सोपं लिहिणं, हेच हे काम. बहुतेक नोकऱ्यांत ते इंग्रजीत करावं लागतं. इंग्रजी अलंकारिक नसलं तरी चालेल, पण बिनचूक हवं.

उर्दू माध्यमातून आलेल्यांनी घाबरू नये. दोन-तीन भाषांत वावरणाऱ्याला एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत समजावण्याची सवय असते. शिवाय सॉफ्टवेअर स्थानिक भाषांत आणण्याचं काम हे याचंच शेजारचं क्षेत्र आहे. फायरफॉक्स ब्राउझर मराठीत आणि उर्दूतही मिळतो, तो अशाच कामातून.

शिकायचं कुठे?

सुरुवातीला पैसे भरायची गरज नाही. गुगलचा टेक्निकल रायटिंगचा कोर्स दोन भागांत ऑनलाइन मोफत आहे. मायक्रोसॉफ्टची लेखनशैली मार्गदर्शिकाही मोफत वाचता येते. त्यानंतर मार्कडाउन आणि गिट शिका. पुढे फ्रेममेकर, मॅडकॅप फ्लेअर ही साधनं आणि डिटा ही पद्धत काय आहे ते समजून घ्या. “नोकरीची हमी” म्हणत मोठी फी मागणाऱ्या क्लासपासून सावध राहा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या अब्बांनी अशी फी भरली. हाती फक्त सर्टिफिकेट आलं.

सर्टिफिकेटपेक्षा नमुने महत्त्वाचे. स्वतः लिहिलेली तीन-चार पानं तयार ठेवा : एखाद्या अ‍ॅपचं मार्गदर्शन, एखाद्या उपकरणाची कृती, एखादी चुकीची सूचना सुधारून. लिबरऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं स्वयंसेवक लिहितात. तिथे मदत केली तर नमुनाही होतो आणि अनुभवी लोकांशी कामातून ओळखही होते.

ओळखी कशा वाढवायच्या?

‘राइट द डॉक्स’ हा २०१३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये सुरू झालेला लेखकांचा समूह आहे. त्याच्या ऑनलाइन गटात मोफत सामील होता येतं. या व्यवसायातली जुनी अमेरिकन संस्था एसटीसी १९५३ पासूनची, पण २०२५ च्या जानेवारीत ती बंद पडली. म्हणून फक्त सदस्यत्वावर विसंबू नका, माणसं जोडा.

लिंक्डइनवर अनोळखी लेखकाला लिहिताना एवढं पाळा :

– तीन-चार ओळीच लिहा. आपण कोण, काय शिकतोय ते सांगा.
– पहिल्याच मेसेजमध्ये नोकरी मागू नका. एकच नेमका प्रश्न विचारा.
– “माझं हे एक पान बघाल का?” असं विचारलेलं चालतं. दहा पानं पाठवू नका.
– सल्ला मिळाला तर तो अमलात आणून कळवा. लोक अशांनाच लक्षात ठेवतात.
– उत्तर आलं नाही तर राग धरू नका, मागे लागू नका.

अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्याच्या शिफारशीवरून उमेदवार बोलावतात. ती शिफारस तुमचं काम पाहिलेला माणूसच करू शकतो.

गावातही गट करा. तीन-चार जणींनी आठवड्यातून एकदा बसून एकमेकींचं लिखाण तपासावं. आपली सूचना अम्मीला किंवा धाकट्या भावाला वाचायला द्या. त्यांना न विचारता ते काम जमलं, तर लिखाण पास.

एआय आल्यावर काय?

पहिला मसुदा आता एआय लिहून देतं, त्यामुळे केवळ टायपिंगसारखं काम कमी होणार. पण सूचना बरोबर आहे का हे मशीनवर करून बघणं आणि इंजिनिअरकडून अडलेली गोष्ट काढून घेणं माणसालाच करावं लागतं. त्यावर भर द्या.

पालकांसाठी

यातलं बरंच काम घरून करता येतं, पण सुरुवातीला ऑफिसात जावं लागू शकतं. पुणे रेल्वेने काही तासांवर आहे. मुलीला पाठवायचं की नाही हे घरात बसून ठरवा, पण त्याआधी तिला सहा महिने, एक लॅपटॉप आणि शांत कोपरा द्या. तिची तीन-चार पानं तयार झाली की ती स्वतः वाचा, आणि मग निर्णय घ्या.